सातवा वाटा

कमलाकांतने मासळीचे ढीग पुन्हा मोजले. सातच होते. होडीतून उतरलेली माणसं मात्र सहा.

त्याला वाळूतच नाचावंसं वाटलं. शंभर वर्षांपूर्वी मराठीत अर्थशास्त्र लिहायला धजलेल्या वामनशास्त्र्यांवर तो प्रबंध लिहीत होता. त्यांच्या एका वाक्याने विद्वानांच्या तोंडाला फेस आणला होता : ‘सहा जणांनी मासळी आणिली तर वाटे सात होतात. हे ज्यास उमगले त्यास संपत्ती उमगली.’ हे शास्त्रीबुवांनी पाहिलं कुठे? नोकरी सोडून ते एक वर्ष गायब झाले होते, आणि त्या वर्षाबद्दल मरेपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. कमलाकांतचे मार्गदर्शक म्हणाले होते, “सात ही छपाईची चूक आहे. सोमवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर ते प्रकरण गाळा.” प्रकरण चाळीस पानांचं होतं. सातवा वाटा होडीचा, म्हणजेच भांडवलाचा, असं त्यात त्याने ठासून मांडलं होतं.

म्हणून तीन दिवस तो तारापूरजवळची किनाऱ्यावरची गावं पालथी घालत होता. त्याच्या घरात सात पिढ्यांत कोणी माशाला शिवलं नव्हतं. नाकाला रुमाल लावून फिरणाऱ्या या पाहुण्याची बायकांनी यथेच्छ टिंगल केली होती. आज सकाळपासून पोटात होती ती बोईसरला घेतलेली दोन केळी.

होडी हाकणाऱ्या तांडेलाची आई गोजराबाई वाटे घालत होती. कमलाकांत तिच्यापाशी गेला.

“आजी, हा सातवा वाटा होडीचा ना?”

सगळे खो खो हसले.

“होडीचा नि जाल्याचा कवाच बाजूला काडला, मास्तर.”

चाळीस पानं समुद्रात बुडाली. कमलाकांत मटकन खाली बसला.

“मग हा कोणाचा?”

“तुमचा,” गोजराबाई म्हणाली. “वाटे पडताना जो परका किनाऱ्यावर उबा, तो त्याचा. परवा नव्या अणुभट्टीची जमीन मोजनारे आलेले, ते घेऊन गेले. कोन नसला तर गावातल्या एकट्या म्हातारीला जातो.” ती हसली. “माजी आजी सांगायची, तिच्या लानपनी एक शेंडीवाला बामन वरीसभर रोज इतं येऊन उबा राहायचा. काम नाय, धंदा नाय. बसून डाव्या हाताने लिवायचा.”

कमलाकांतच्या अंगावर सर्रकन काटा आला. वामनशास्त्री डावखुरे होते.

“आणि तो वाटा? त्याचं ते काय करायचे?”

“काय करनार? खायचा. बोंबलावर लय जीव त्याचा.”

तासाभराने गोजराबाईच्या ओट्यावर कमलाकांत तिसरा बोंबील संपवत होता. रुमाल खिशात गेला होता. मार्गदर्शकांना काय दाखवायचं ते त्याने मनाशी पक्कं केलं. गावाचं नाव द्यायचं, गोजराबाईची साक्ष द्यायची, सातव्या वाट्याची रीत सविस्तर लिहायची. फक्त तो कोणी खाल्ला, एवढं सोडून.