चार तासांची बॅटरी

उसाच्या वजनावरून शेतकऱ्यांनी सभा उधळली, तसा कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना एकदम कॉम्प्युटरचा पुळका आला. वजनकाट्याला जोडायला नगरच्या कॉम्प्युटरवाल्या सुधाकरने दोन लॅपटॉप आणून टेबलावर मांडले. एकाची बॅटरी चार तास चालायची. दुसऱ्याला रंगीत पडदा, सीडी, गाणी असा सगळा थाट. पण वीज गेली की पंधरा मिनिटांत मान टाकायचा.

"साहेब, इथं लाईटचा भरवसा नाही. चार तासवालाच घ्या. अंधारातसुद्धा वजन किलोपर्यंत बरोबर दाखवेल," सुधाकर जीव तोडून सांगत होता.

साहेबांनी चहा बशीत ओतला आणि रंगीतवाल्याकडे बोट दाखवलं.



"लाईट गेल्यावरबी वजन बरोबरच येनार आसंल, तर आमी कारखाना चालवायचा कशावर?"