दोन उभ्या रेघा

तिने चौथा रकाना मोकळा सोडला आणि ओळ पाठवली.

४१|स्त्री|५२||खाट १७

बैठकीतल्या सगळ्यांनी ती भिंतीवरच्या पडद्यावर पाहिली. रुग्णालयाच्या संचालिका, सात डॉक्टर, आणि खुर्चीत रेलून बसलेले संगणक विभागाचे प्रमुख. रुग्णांच्या नोंदी ठेवणारा हा प्रोग्रॅम आज रुग्णालयाच्या बाराही शाखांसाठी मंजूर व्हायचा होता.

प्रमुखांच्या नावाने.

लिहिला होता तिने. एकटीने, तीन वर्षांपूर्वी. पहिल्या पानावरचं तिचं नाव खोडून प्रमुखांनी स्वतःचं घातलं, आणि वर म्हणाले, "तू नुसतं टायपिंग केलंस गं. डोकं माझं."

प्रोग्रॅमचं काम सरळ होतं. उभी रेघ दिसली की तिथे ओळ तोडायची, तुकडा आपल्या रकान्यात टाकायचा. त्यात एक चूक होती, तीही तिचीच. दोन रेघा लागून आल्या की प्रोग्रॅम त्यांना एकच धरायचा. मधली रिकामी जागा गिळायचा आणि पुढचं सगळं एक घर मागे सरकायचं. हे तिला कळलं ते नाव गेल्यावर. दुरुस्ती एका ओळीची होती. तिने ती केली नाही. कारकुनांना तेवढं बजावलं, रकाना मोकळा ठेवायचा नाही, काही नसेल तर 'नाही' लिहा. त्यामुळे कुणा रुग्णाचं कधी काही बिघडलं नाही. कारकून असं का लिहितात, हे प्रमुखांनी कधी विचारलं नाही.

पडद्यावर तुकडे पडले.

क्रमांक : ४१
स्त्री / पुरुष : स्त्री
वय : ५२
न चालणारं औषध : खाट १७
खाट :

"या बाईंना खाट चालत नाही?" संचालिकांनी विचारलं.

एका डॉक्टरांनी खोकल्यात हसू दडवलं. प्रमुख सावरून बसले. "अगं, बघ ना काय झालंय ते."

"मी कसा हात लावू, सर? प्रोग्रॅम तुमचा."

"अशाने उद्या माणूस दगावेल," संचालिका म्हणाल्या. "काम कुणाचं हे?"

प्रमुख ताडकन उठले. "हिचं. मॅडम, मी यातली एक ओळ लिहिलेली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं हिनेच केलंय. विचारा तिला."



"सर म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. मग तिने ती एक ओळ बदलली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. खाट जागेवर गेली.

कोपऱ्यात बैठकीचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंकडे ती वळली.

"सर आत्ता जे बोलले, ते उतरवून घ्या. जसंच्या तसं."