कडू घास

अप्पांना अग्नी देऊन मंडळी परतली, तेव्हा शेजारच्या दळवीकाकूंनी रीतीप्रमाणे कडू घासाचा पिठलं-भात आणून ठेवला होता. अप्पांच्या लेकीने, शरयूने ताट पुढे ओढलं आणि तिचा हात थांबला.

अप्पांच्या नाकात नळी घातली, तेव्हा त्यांच्यासाठीच तिने जिभेखाली चव टिपून पाठवणारी चकती बसवून चवींचा ब्लॉग सुरू केला होता. ती जेवायची आणि खाटेवरच्या अप्पांना चव लागायची. मग शेजारच्या खाटेवरच्या आजींनी तो मागितला, मग साऱ्या दवाखान्याने. आता गावोगावचे नळीवरचे हजारो जीव तिच्याच तोंडाने जेवत होते, आणि चकती बंद करायची सोय उरली नव्हती.

"ताई, अप्पांच्या नावाचा घास घे," धाकटा हेरंब म्हणाला.

"मी घेतला की तो नळीवरच्या साऱ्यांच्याही तोंडात जाईल. मरणाच्या दारातल्या माणसांना कडू घास भरवू?"

"मग आज जेवूच नकोस."

"त्यांच्यातल्याच एका बाईंचा वाढदिवस आहे रे. जिलबी खा म्हणाल्यात."

तिने पिठलं बाजूला सारलं आणि जिलबीचा पुडा सोडला. दळवीकाकूंनी तोंड फिरवलं. शरयू जिलबी खाऊ लागली, रोजच्यासारखी सावकाश, चव नीट लागेल अशी.