सेन्सरला टेकवलेला माठ

मे महिन्यात जळगाव भट्टीसारखं तापलं होतं, अन् नव्या स्मार्ट इमारतीला वीजबचतीचे मार्क द्यायला पुण्याच्या मॅडम साहेबांच्या गार केबिनमध्ये बसल्या होत्या. लॅपटॉप बघून म्हणाल्या, "हॉलमध्ये एसी बंद, तरी गारवा! पैकीच्या पैकी मार्क." दारात उभ्या कारकून प्रेमराजचं डोकं फिरलं. हॉलच्या सेन्सरला ओल्या गोणपाटातला माठ टेकवून साहेबांनीच यंत्राला फसवलं होतं. मागे हॉलमध्ये त्याच्यासोबत काम करणारी पोटुशी कोकिळा टेबलावर कलंडली होती. "भाऊ, माना जीव घाबरस." प्रेमराजनं माठ उचलला अन् मॅडमसमोर नेऊन ठेवला. "घ्या, हा तुमचा गारवा! तिकडे माणसं शिजून राहिली." "प्रेमराज, नोकरी नको का?" साहेब खेकसले. माठ हटल्यानं सेन्सरला खरी गरमी कळली अन् हॉलमधला एसी आपोआप घरघरत सुरू झाला. कोकिळानं मान वर केली. लॅपटॉपवर विजेचा आकडा चढताच मॅडम म्हणाल्या, "दादा, रिपोर्ट जाईपर्यंत माठ होता तिथं ठेवता का?"