कोऱ्या फोनवरचा अंगठा

लेकीचा एकही फोटो परक्या कंपनीच्या हाती लागू नये, ही चैत्रालीला बाळंतपणापासूनची धास्ती. म्हणून बिरवाडीहून सासुरवाडीला, महाडला आलेल्या तिच्या नवऱ्याने, मुकुलने सबंध दुपार खर्चून आपल्या जुन्या फोनमधलं सगळं पुसून काढलं आणि त्यावर जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, फुकटातली नवी सिस्टीम टाकली.

"घे बाई. आता यात काही म्हणजे काही नाही. लेकीच्या डोक्यापेक्षा कोरा."

"तिच्या डोक्याचं बोलू नकोस, ते बापावर गेलंय," चैत्राली हसली.

कुलपासाठी कुणाच्या तरी बोटाचा ठसा द्यायचा होता. मुकुलने गमतीने तिच्या मांडीवरच्या बाळाचा इवलासा अंगठा टेकवला. फोन थरथरला. 'हे बोट आधीच नोंदवलेलं आहे.'

"बघ, माझ्याआधी हीच मालकीण झाली," म्हणत तो सेटिंगमध्ये शिरला. अजून कुणीच ठसा दिला नव्हता, तरी तिथे एक ठसा होता, आणि त्यापुढे नाव.

"ही इरावती कोण गं?" त्याने हसतच विचारलं.

चैत्रालीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. बारसं उद्या होतं. मनात योजलेलं नाव तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.