भुरीसाठी एक जिवंत माणूस

इमारत कोसळून तिसरा दिवस उजाडला होता आणि शोधपथकाच्या भुरीला अजून एकही जिवंत माणूस सापडला नव्हता. आज तर ही कुत्री पाण्यालाही तोंड लावेना.

"हिला वाटतंय, आपलंच काहीतरी चुकतंय," तिला सांभाळणारे काका पथकातल्या नव्या स्वयंसेविकेला म्हणाले. "सरावात लपतेस तशी जरा पलीकडे लप. एक जिवंत माणूस सापडला की येईल वळणावर."

"म्हणजे आज मी कुत्रीचं खेळणं," असं म्हणत तिने हेल्मेट आणि जॅकेट उतरवलं आणि ढिगाऱ्यात एका मोडक्या दाराखाली जाऊन आडवी झाली.

पाच मिनिटांत भुरीने तिला हुडकलं आणि जीव तोडून भुंकायला सुरुवात केली. सरावाच्या शिरस्त्याप्रमाणे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दोघांनी दार उचललं आणि धुळीने माखलेली ती हसत बाहेर आली.

तेव्हा तिला दिसलं, की तीन दिवस दोरापलीकडे बसून राहिलेले नातेवाईक दोर ओलांडून धावत येत होते. सगळ्यांच्या पुढे असलेल्या म्हाताऱ्याने तिचा चेहरा ओंजळीत धरला, बाहीने धूळ पुसली, निरखून पाहिलं आणि हात खाली घेतले.

"बरं झालं पोरी, तू तरी वाचलीस," तो म्हणाला. "आत माझी लेक दिसली का गं तुला?"