डोणीतलं व्हायोलिन

रुद्राणीने बैलांच्या दगडी डोणीत हात घातला, तेव्हा व्हायोलिनची नुसती मान आणि तारांचा गुंता वर आला. पुढची फळी पाण्यावर तरंगत होती. पाठ तळाशी जाऊन बसली होती.

"अप्पा!" ती ओरडली.

संगप्पा वैरण टाकून धावत आला आणि डोणीपाशी थिजला. दुपारचे बारा वाजले होते. लातूर जिल्हा झाल्याचा समारंभ चार वाजता होता, आणि त्यात पहिलं वादन त्याच्या लेकीचं होतं. रिक्षावरचा कर्णा सकाळपासून तिचं नाव गावभर पुकारत होता.

तेवढ्यात तिला न्यायला गुरुपादप्पा मास्तर आले. व्हायोलिन त्यांचंच. पंचवीस वर्षांत त्यांनी ते कुणाच्या हाती दिलं नव्हतं. रुद्राणीला मात्र सरावासाठी महिनाभर घरी नेऊ दिलं होतं. ते डोणीवर वाकले. तपकिरी पाण्यात बोटं बुडवून त्यांनी एकमेकांवर चोळली. बोटं चिकटली.

"सरस विरघळला," ते म्हणाले. "ह्याचे सगळे जोड सरसावर असतात. संगप्पा, पाण्यात कशाला टाकलंत?"

संगप्पाने अंगणातल्या गाडीकडे हात केला. "चाक सुकून ढिलं झालं की आमी पाण्यात ठिवतो, गुरुजी. लाकूड फुगतंय, सांधे आवळत्यात. काल पोरगी रडत व्हती, कडंला फट पडली म्हणून. तुमीच म्हणलाव तिला, पाऊस न्हाई, हवा कोरडी, लाकूड सुकलंय. मला वाटलं, एवढंच ना!"

संगप्पाच्या हातून आजवर एकही चाक बिघडलं नव्हतं. माणसाला त्याचं कसब नडतं ते असं.

मास्तरांनी चिकट बोटं रुमालाला पुसली. ते तसं म्हणाले होते खरं. 'हात लावू नका, उद्या येऊन मी चिकटवतो,' एवढं सांगायचं राहून गेलं होतं. सरसाची डबी आत्ता त्यांच्या पिशवीत होती. त्यांना स्वतःचीच चीड आली.

रुद्राणीने डोळे पुसले. "तीन दिस झाले, गल्लीत टँकर न्हाई. एवढं पाणी आणलं कुठून तुमी?"

तिने घरात पाहिलं. आंघोळीची घागर आडवी पडली होती. कोनाड्यात लिंगपूजेचा तांब्या कोरडा, पालथा होता. पूजा झाल्याशिवाय संगप्पा अन्नाला शिवत नसे.

"अप्पा, सकाळपासून जेवला न्हाईत?"

त्याने पाण्यातून फळी अलगद उचलली, धोतराच्या सोग्याने टिपली आणि लाकडाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"धा वाजता फट मिटली व्हती, गुरुजी," तो म्हणाला. "असंच बोट फिरवून बघितलं, कायबी लागलं न्हाई. तवाच काढाय पाहिजे व्हतं. म्हणलं, आजून जरा घट्ट होऊ द्यावं."